न उडालेल्या रॉकेटची किंमत

२०२४च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या डॅलस शहरात, हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात, चार इंचांहूनही कमी उंचीची एक प्लास्टिकची बाहुली ५,२५,००० डॉलरला विकली गेली. त्या वेळच्या दरानं ही रक्कम सव्वाचार कोटी रुपयांच्या वर जाते. लिलावात गेलेल्या जुन्या खेळण्यांमधली तोवरची ही सर्वांत मोठी बोली मानली गेली. बाहुली होती ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेटची. हा बोबा फेट म्हणजे पैसे घेऊन फरारी माणसं धरून आणणारा, शिरस्त्राणाआड चेहरा झाकून वावरणारा शिकारी. याच पात्राची, ती बनवणाऱ्या कंपनीनंच त्याच सुमारास काढलेली दुसरी बाहुली मात्र आज पॅकिंगच्या कार्डाशिवाय, सुटी घेतली तर काही हजार रुपयांत मिळते. दोन्ही एकाच आकाराच्या, दोन्हींचे हातपाय सारखेच हलतात. फरक आहे तो पाठीवरच्या पेटीत.

हा फरक कळायला आधी खेळण्याचा जन्म कसा झाला ते पाहावं लागतं. अशा वस्तूचं मूल्य ठरवणारा जाणकार खरं तर दुसरं काही करत नसतो. बाहुली हातात घेऊन तो ती कारखान्यात कशी बनली असेल हे उलट्या दिशेनं वाचत जातो. प्लास्टिक, साच्याची रेघ, रंगाची कड, कागदावरचे ठिपके, या प्रत्येक गोष्टीनं कारखान्याची साक्ष द्यावी लागते. जिथे साक्ष जुळत नाही तिथे किंमत कोसळते.

‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला २५ मे १९७७ रोजी. खेळण्यांचे हक्क सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे होते. केनरची मालकी तेव्हा जनरल मिल्स या खाद्यपदार्थांच्या मोठ्या कंपनीकडे होती. चित्रपट एवढा चालेल याचा अंदाज कुणालाच नव्हता, त्यामुळे त्या वर्षीच्या नाताळाला एकही बाहुली तयार नव्हती. केनरनं काय केलं, तर पुठ्ठ्याचं एक पाकीट विकायला काढलं. आत बाहुली नव्हतीच, एक प्रमाणपत्र होतं. ते टपालानं पाठवलं की पुढच्या वर्षी पहिल्या चार बाहुल्या घरी येणार. लोकांनी तीही पाकिटं घेतली. बाहुल्यांची उंची केनरनं साधारण पावणेचार इंच ठेवली, कारण मोठ्या बाहुल्यांना बसतील अशी अवकाशयानं बनवली असती तर ती दिवाणखान्यात मावली नसती. हे माप पुढे सगळ्या धंद्यानं उचललं.

बोबा फेटची गोष्ट मात्र वेगळी. चित्रपटात दिसण्याआधीच त्याची ओळख लोकांना झाली होती. ‘स्टार वॉर्स’चे चित्रकार राल्फ मॅक्वारी आणि जो जॉन्स्टन यांनी त्याचं चिलखत रेखाटलं. सप्टेंबर १९७८मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन अन्सेल्मो गावच्या मिरवणुकीत तो चित्रपटातल्या खलनायकाच्या, डार्थ व्हेडरच्या बरोबरीनं चालला. नोव्हेंबरात टीव्हीवरच्या एका खास कार्यक्रमातल्या छोट्या कार्टूनमध्ये दिसला. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ हा पुढचा चित्रपट यायला मे १९८० उजाडायचा होता. त्या चित्रपटातही त्याच्या वाट्याला मोजकी चार वाक्यं आली. एवढ्याशा भूमिकेच्या माणसाभोवती एवढं कुतूहल का जमलं, याचं एक मोठं कारण खेळणंच आहे, असं मला ठामपणे वाटतं. मुलांनी हा माणूस आधी हातात घेतला आणि पडद्यावर नंतर पाहिला.

केनरनं १९७९मध्ये योजना जाहीर केली. कोणत्याही चार ‘स्टार वॉर्स’ बाहुल्यांच्या कार्डांवरचे खरेदीचे पुरावे कापून पाठवा, आणि अजून दुकानात न आलेला बोबा फेट फुकट मिळवा. शिवाय त्याच्या पाठीवरच्या पेटीतून खरोखर रॉकेट सुटणार होतं. आत स्प्रिंग, बाजूला खटका, खटका सरकवला की लाल रंगाचं छोटं रॉकेट उडणार. जाहिरातीत तसं चित्रही होतं.

पण त्याआधीच, १९७८च्या अखेरीस, एक मूल दगावलं होतं. मॅटेल कंपनीच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मालिकेच्या अवकाशयानाला स्प्रिंगवर उडणारी छोटी क्षेपणास्त्रं होती. त्यातलं एक अमेरिकेतल्या चार वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकलं. जानेवारी १९७९मध्ये मॅटेलनं क्षेपणास्त्रं परत मागवली. मुलांनी ती पाठवली की बदल्यात खेळण्यातली मोटार मिळायची. खेळण्यांच्या सगळ्या धंद्यालाच हादरा बसला. लहान सुट्या भागांबद्दलचा अमेरिकी संघराज्याचा नियम १ जानेवारी १९८० पासून लागू झाला. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला कोणताही भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका ठरावीक नळकांड्यात पुरता मावला, तर ते खेळणं विकायला बंदी. हे नळकांडं साधारण लहान मुलाच्या घशाच्या मापाचं असतं. केनरचं रॉकेट त्यात सहज मावलं असतं. त्यांची बाहुली तीन वर्षांखालच्यांसाठी नव्हती हे खरं, पण दगावलेलं मूलही तीन वर्षांखालचं नव्हतंच.

केनरनं आधी खटका सुधारायचा प्रयत्न केला आणि शेवटी रॉकेट पाठपेटीत कायमचं बसवून टाकलं. योजना मात्र छापून झाली होती. कार्डांच्या मागच्या बाजूवर जिथे रॉकेट उडतानाचं चित्र होतं, तिथे चिकटपट्टी लावून ते झाकलं गेलं. टपालानं पांढऱ्या खोक्यातून जो बोबा फेट घरोघरी पोचला त्याच्याबरोबर एक छोटं पत्र होतं. सुरक्षिततेसाठी रॉकेट उडवण्याची सोय काढली आहे, हे पसंत नसेल तर बदल्यात दुसरी कुठलीही बाहुली मागा, अशा अर्थाचं. कंपनीनं आपल्या जाहिरातीतला शब्द पाळता येत नाही हे मुलांना सरळ लिहून कळवलं, ही गोष्ट मला त्या काळातली फार चांगली वाटते. आज ते पत्रही जमवलं जातं. खोकं, पिशवी, पत्र आणि बाहुली अशी चारही अंगं शाबूत असतील तर भाव वेगळाच.

आता मूल्यमापनाकडे येऊ. समोर सुटी बाहुली आहे असं धरा.

पहिली नजर पायांच्या मागच्या बाजूवर जाते. तिथे उठावदार बारीक अक्षरं असतात. वर्ष १९७९, जनरल मिल्स फन ग्रुप या मालकाची आद्याक्षरं, आणि बाहुली जिथे बनली त्या देशाचं नाव. हाँगकाँग बहुतेकदा, काहींवर तैवान. ही अक्षरं साच्यातच कोरलेली असल्यानं त्यांच्या कडा धारदार असतात. नकलेत ती गोलसर, वितळल्यासारखी दिसतात. त्यानंतर रंग. अंगाचं प्लास्टिक निळसर करडं, त्यावर शिरस्त्राण आणि छातीचं चिलखत हिरवं. कारखान्यात रंगाच्या जागा सोडून बाकी भाग धातूच्या मुखवट्यानं झाकत आणि फवारा मारत. त्यामुळे अस्सल रंगाच्या कडेला फवाऱ्याचे सूक्ष्म कण दिसतात, आणि एखाद्या ठिकाणी रंग जरा हललेलाही असतो. भिंगाखाली ब्रशच्या समांतर रेघा दिसल्या, तर कुणीतरी नंतर हात फिरवला आहे. शिरस्त्राणाचा माथा आणि गुडघे हे झिजण्याचे नेहमीचे भाग. मूल बाहुली माथ्याला धरून उचलतं. माथा नवा कोरा आणि गुडघे मात्र घासलेले अशी जोडी दिसली की संशय घ्यावा.

मग धडाच्या कडेची शिवण. केनरच्या बाहुल्यांच्या धडाचे पुढचे-मागचे अर्धे भाग ध्वनिलहरींच्या कंपनानं वितळवून जोडलेले असत, गोंदानं नव्हे. शिवणीत गोंदाची चमक, पिवळट थर किंवा पातीनं उचकटल्याच्या खुणा असतील तर बाहुली उघडली गेली आहे. सैल झालेला पाय बदलण्यासाठी किंवा दोन बाहुल्यांची एक करण्यासाठी लोक हे करतात. साध्या बाहुलीत यानं थोडी किंमत घटते. रॉकेट उडवणाऱ्या, कंपनीतच राहिलेल्या नमुन्यात मात्र याच शिवणीवर सगळं अवलंबून असतं, त्याकडे पुढे येतोच.

हातातली बंदूक हा वेगळाच विषय आहे. ती दोनअडीच सेंटिमीटरची, पहिल्याच आठवड्यात सोफ्याखाली हरवणारी वस्तू. म्हणून बंदुकीशिवायच्या बाहुल्या मुबलक आहेत आणि नव्यानं बनवलेल्या बंदुका त्याहून मुबलक. संग्राहकांमध्ये पाण्याची चाचणी प्रसिद्ध आहे. बंदूक पाण्यात टाकायची. तरंगली तर अस्सल, बुडाली तर नकली, असं म्हणतात. यामागे पदार्थविज्ञान आहे. पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन ही प्लास्टिकं पाण्यापेक्षा हलकी असतात, एबीएस आणि ओतीव रेझिन जड. पण नकली माल बनवणाऱ्यालाही हे ठाऊक असतं आणि तोही हलकं प्लास्टिक वापरू शकतो. शिवाय एवढी लहान वस्तू पृष्ठताणामुळेही पाण्यावर राहते, म्हणून ती बोटानं एकदा पूर्ण बुडवून सोडावी लागते. ही चाचणी नापास झालेली वस्तू बाजूला ठेवायला उपयोगी आहे. पास झालेल्या वस्तूवर तेवढ्यानं विश्वास ठेवू नये. अस्सल बंदुकीशी शेजारी धरून नळीची जाडी, मुठीवरच्या रेषा, साच्यातून सुटताना राहिलेला टोकाचा कण, हे पाहणं अधिक भरवशाचं.

आता त्या महागड्या नमुन्यांविषयी. रॉकेट उडवणारा बोबा फेट दुकानातून किंवा टपालानं कुणालाच कधी मिळाला नाही. अमेरिकेत आज पन्नाशी ओलांडलेली कितीतरी माणसं आपल्याकडे तो होता असं शपथेवर सांगतात. ती खोटं बोलत नाहीत. जाहिरातीतलं चित्र आणि हातातली बाहुली यांची त्यांच्या आठवणीत सरमिसळ झालेली असते. त्यामुळे ‘लहानपणापासून घरात आहे’ हे वाक्य या बाबतीत पुराव्यात धरता येत नाही. जे नमुने उरले ते कंपनीच्या आतले आहेत. अभियंत्यांनी साचा तपासायला, खटका चाचपायला, छायाचित्रं काढायला बनवलेले. कर्मचाऱ्यांच्या खणांतून आणि कपाटांतून ते पुढे बाहेर आले. असे शंभराच्या आसपास बनले असावेत असा जाणकारांचा अंदाज आहे.

त्यांचे दोन प्रकार. पाठपेटीच्या मागच्या बाजूला खटका सरकण्यासाठी एक खाच असते. आधीच्या नमुन्यांत ती इंग्रजी एल अक्षरासारखी आहे. खटका खाली ओढून बाजूला अडकवायचा. हा अडकाव कच्चा होता, जरासा धक्का बसला की रॉकेट सुटायचं. म्हणून नंतरच्या नमुन्यांत खाचेच्या टोकाला आकडा देऊन ती जे अक्षरासारखी केली, म्हणजे खटका नीट अडून बसेल. एवढीशी वळणदार खाच, पण तिच्यात मॅटेलच्या अपघाताभोवतीच्या त्या काळातली सगळी अस्वस्थता दिसते. कंपनी खेळणं सोडून द्यायला तयार नव्हती, ते सुरक्षित करण्याची तिची धडपड चालली होती. एल खाचेचे नमुने अधिक दुर्मिळ आणि म्हणून अधिक महाग. २०१९च्या जुलैत पेनसिल्व्हेनियातल्या हेक्स या लिलावगृहात जे खाचेचा एक नमुना १,१२,९२६ डॉलरला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एल खाचेचा १,८५,८५० डॉलरला. बहुतेक नमुने रंग न दिलेले, नुसत्या निळसर करड्या प्लास्टिकचे आहेत. हातानं रंगवलेले अगदी थोडे. डॅलसला विकला गेलेला नमुना त्या थोड्यांपैकी होता.

अर्थातच याच्या नकला भरपूर निघतात, आणि त्या ओळखायच्या वाटा दोन. साध्या बाहुलीची पाठपेटी कोरून तिच्यात खाच आणि स्प्रिंग बसवली असेल तर धड उघडल्याशिवाय ते काम सहजी होत नाही, म्हणून शिवण पाहायची. खाचेच्या कडाही पाहायच्या. साच्यातून आलेली कड गुळगुळीत आणि किंचित गोलसर असते, कापलेल्या कडेवर पातीच्या किंवा कानशीच्या रेघा राहतात. दुसरी वाट ओतीव नकलेची. अस्सल नमुन्यावरून सिलिकॉनचा साचा काढून त्यात रेझिन ओततात. आपल्याकडे शाडूच्या मूर्तीवरून साचा, त्यातून मूर्ती, पुन्हा तिच्यावरून साचा असं करत गेलं की नाकडोळे जसे बोथट होत जातात, तसंच इथेही होतं. त्यात रेझिन घट्ट होताना आकसतं. शेकडा एक जरी आकसलं तरी साडेनऊ सेंटिमीटरच्या बाहुलीत जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक पडतो. अस्सल बाहुली शेजारी ठेवून व्हर्नियर कॅलिपरनं खांद्यापासून कमरेपर्यंत, शिरस्त्राणाची रुंदी, पायाची लांबी अशी मापं घ्यायची. सगळी मापं सारख्याच प्रमाणात कमी भरली तर निकाल लागला. काखेत किंवा शिरस्त्राणाच्या कडेखाली टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे सापडले तर माप घेण्याचीही गरज नाही. कारखान्याच्या पोलादी साच्यात प्रचंड दाबानं शिरणाऱ्या प्लास्टिकमध्ये असे बुडबुडे राहत नाहीत.

पायांवर अक्षरं नसणं हे सुरुवातीच्या नमुन्यांचं लक्षण सांगितलं जातं, कारण मालकाचं नाव आणि देश साच्यात नंतर कोरले जातात. हे खरं आहे, पण अक्षरं तासूनही टाकता येतात. तिरप्या उजेडात पाय फिरवून पाहिला तर तासलेल्या जागेचा पोत आजूबाजूपेक्षा वेगळा चमकतो. नमुन्यातलं रॉकेट तर बहुतेकदा नंतर बनवलेलंच असतं, कारण मूळचं हरवलेलं असतं. त्यात गैर काही नाही, विकणाऱ्यानं तसं सांगितलं पाहिजे एवढंच.

कार्डावर बंद बाहुलीचं मूल्यमापन म्हणजे बाहुलीपेक्षा कागदाचं मूल्यमापन. इंग्लंडमध्ये केनरची खेळणी पॅलिटॉय ही कंपनी काढत असे. जानेवारी २०१५मध्ये तिथल्या व्हेक्टिस लिलावगृहात पॅलिटॉयच्या कार्डावरचा न उघडलेला बोबा फेट १८,००० पौंडांना गेला, म्हणजे तेव्हाचे सुमारे सतरा लाख रुपये. तीच बाहुली कार्डातून काढली असती तर त्यातला अगदी नगण्य भाग उरला असता. बाकी सगळे पैसे पुठ्ठ्याचे आणि वरच्या पारदर्शक फुगवट्याचे.

कार्डाच्या मागच्या बाजूला त्या वेळी उपलब्ध असलेल्या बाहुल्यांची चित्रं असत. किती चित्रं यावरून कार्डाला नाव पडलं. पहिली कार्डं बारा चित्रांची, बोबा फेटचं पहिलं कार्ड एकवीस चित्रांचं. जितकी चित्रं कमी तितकं कार्ड जुनं, हा ढोबळ नियम. पुढे ‘एम्पायर’ आणि ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या नावाची कार्डं आली, १९८५मध्ये ‘ड्रॉइड्स’ कार्टूनचंही आलं. बाहुली तीच, कागद बदलत गेला आणि किंमतही. त्यातही खुंटीचं भोक न फाडलेलं कार्ड हवं असतं, म्हणजे दुकानात ते कधी टांगलंच गेलं नाही.

कार्ड अस्सल आहे की नाही हे दहापट मोठं करणाऱ्या भिंगाखाली बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात कळतं, आणि हे पाहण्यासारखं असतं. ऑफसेट छपाईत चित्राचे रंग चार शाईंच्या ठिपक्यांतून उमटतात. हे ठिपके एकमेकांशी ठरावीक कोनात असल्यानं त्यांची गोल फुलासारखी जाळी दिसते. पण काळी अक्षरं आणि रेघा वेगळ्या असतात. त्या काळ्या शाईच्या सलग भरीव पट्ट्या, कड स्वच्छ. आता अस्सल कार्डाचं स्कॅन काढून पुन्हा छापलेलं कार्ड पाहा. स्कॅनरला अक्षर आणि चित्र यांतला फरक कळत नाही. तो काळी अक्षरंही ठिपक्यांत फोडतो. भिंगाखाली अक्षराच्या कडेला निळे, गुलाबी, पिवळे कण विखुरलेले दिसतात आणि अक्षराची कड दातेरी होते. चित्रातही ठिपक्यांवर ठिपके पडून लाटांसारखी नक्षी उमटते. कुठल्याही जुन्या छापील गोष्टीला, क्रिकेटच्या कार्डापासून सिनेमाच्या जुन्या पोस्टरपर्यंत, ही कसोटी लागू पडते. घरी भिंग असेल तर एखादं जुनं मासिक आणि त्याची फोटोकॉपी शेजारी ठेवून जरूर पाहावं.

अतिनील दिव्याचाही बराच बोलबाला आहे. नव्या कागदातली उजळवणारी रसायनं त्या प्रकाशात निळी चमकतात. पण अशी रसायनं १९७९मध्येही वापरात होती, त्यामुळे चमकला म्हणून कागद नवा असं होत नाही. फुगवट्याची कड तपासायला मात्र तो दिवा उत्तम. कारखान्यात फुगवट्याची कड उष्णतेनं कार्डावर दाबून चिकटवत. नंतर गोंदानं बसवलेला फुगवटा त्या दिव्याखाली वेगळा उजळतो, आणि सरळ पाहिलं तरी कडेला गोंदाचा ओघळ किंवा कार्डाच्या शाईचा उचकटलेला पापुद्रा सापडतो. यातली सगळ्यात अवघड फसवणूक म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेलं, कधीच न वापरलेलं अस्सल कार्ड, त्यावर अस्सल बाहुली आणि वर नवा फुगवटा. कागद खरा, बाहुली खरी, त्यामुळे भिंगाखाली दोन्ही पास होतात. अशा वेळी फुगवट्याच्या प्लास्टिकची जाडी, त्याचा पिवळेपणा आणि कडेच्या दाबाची खूण एवढंच हातात उरतं. अशा वस्तू दर्जा ठरवणाऱ्या संस्थांच्या हातूनही निसटलेल्या आहेत.

या संस्थांचा दबदबा मोठा आहे. अ‍ॅक्शन फिगर ऑथॉरिटी ही त्यातली सर्वांत परिचित. ती शंभरापैकी गुण देते. कार्ड, फुगवटा आणि बाहुली यांचे वेगळे गुण आणि मग एक एकूण गुण. वस्तू अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत सीलबंद होऊन परत येते. ८५ हा आकडा बहुतेक संग्राहकांना हवाहवासा, ९०च्या पुढचे विरळ. ८० आणि ८५ यांच्यातला फरक कधी कधी कार्डाच्या एका कोपऱ्याच्या नरमपणाएवढाच असतो, किमतीतला फरक मात्र दीडपट-दुप्पट होऊ शकतो. एवढ्या बारीक फरकावर एवढे पैसे ओतणं मला पटत नाही. पेटी वस्तूची स्थिती सांगते, इतिहास सांगत नाही. पेटीवरचा आकडा पाहून वस्तू न पाहणारा खरेदीदार आपलं सगळ्यात महत्त्वाचं काम दुसऱ्यावर सोपवतो.

इतिहास, म्हणजे वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याची साखळी. नमुन्यांच्या बाबतीत पहिला मालक केनरचा कर्मचारी निघाला पाहिजे, आणि पुढचा प्रत्येक हात कागदावर दाखवता आला पाहिजे. याचं कारण २०१७मध्ये सगळ्यांना कळलं. कॅलिफोर्नियात पेटालुमाजवळ स्टीव्ह सॅन्सवीट यांचं ‘रँचो ओबी-वान’ हे संग्रहालय आहे, ‘स्टार वॉर्स’च्या वस्तूंचा जगातला सर्वांत मोठा संग्रह म्हणून गिनीजच्या नोंदीत गेलेलं. तिथल्या शंभराहून अधिक वस्तू विश्वासातल्याच एका माणसानं चोरून विकल्याचं त्यांनी जाहीर केलं. किंमत दोन लाख डॉलरच्या वर. त्यात रॉकेटवाला बोबा फेटही होता, आणि तो घेतलेल्या संग्राहकानं वस्तू अस्सल म्हणूनच घेतली होती. अस्सल ती होतीच. पण चोरीची वस्तू मालकाला परत द्यावी लागते, आणि दिलेले पैसे ज्यानं विकली त्याच्याकडूनच वसूल करावे लागतात. इतके दुर्मिळ नमुने असल्याचा एक फायदा असा की जाणकार लोक ओरखड्यांवरून एकेक नमुना ओळखतात. म्हणून मोठी खरेदी करताना जुन्या लिलावांच्या यादीतली छायाचित्रं काढून पाठपेटीवरच्या खुणा जुळवून पाहणं हा सोपा आणि फुकटचा उपाय आहे.

हॅस्ब्रो कंपनीनं १९९१मध्ये टोंका ही कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर केनरही हॅस्ब्रोकडे आली. हॅस्ब्रोनं २०१०मध्ये रॉकेट उडवणारा बोबा फेट टपाली योजनेतून खरोखरच दिला. त्याची घडण नवी आहे आणि तो सहज ओळखू येतो, तरी ‘रॉकेटवाला’ एवढ्या वर्णनावर तो जुन्याच्या नावानं खपवायला निघालेले विक्रेते भेटतात.

आपल्या घरांमध्ये केनरची बाहुली सापडण्याची शक्यता कमीच, परदेशातून कुणी आणली असेल तर. पण याच पावणेचार इंची मापाच्या बाहुल्या एमआरएफनं हॅस्ब्रोबरोबर सुरू केलेल्या, गोव्यातही कारखाना असलेल्या फनस्कूल कंपनीनं भारतात बनवल्या आणि नव्वदच्या दशकात त्या आपल्याकडच्या खूप मुलांच्या हातात आल्या. त्या म्हणजे जी. आय. जो. हॅस्ब्रोच्या साच्यांतून काढलेल्या या बाहुल्यांचे रंग अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळे, कधी अगदी अनपेक्षित आहेत. त्यामुळे परदेशातले संग्राहक त्या मुद्दाम शोधतात. किमती बोबा फेटच्या जवळपासही जात नाहीत, पण कसोट्या त्याच लागतात. पाठीवरचा स्क्रू फिरवल्याच्या खुणा, रंगाची कड, कार्ड असेल तर भिंगाखालचे ठिपके. यांच्या पोटात रबराची कडी असते, तीच धड आणि पाय एकत्र धरून ठेवते. काळानं ती कडक होऊन तुटते आणि पाय निखळतो. नवी कडी बसवता येते, ते दोषात धरलं जात नाही, फक्त विकताना सांगावं.

आपल्या हवेत मात्र या वस्तू फार लवकर बिघडतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्याभर बंद डब्यात ठेवलेल्या कार्डावर बुरशीचे डाग येतात आणि पुठ्ठा वाकतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या पावसाळ्यात बदलत राहाव्यात. मऊ व्हिनाइलची वस्तू बाहुलीच्या अंगाला टेकवून वर्षानुवर्षं ठेवू नये, कारण व्हिनाइल मऊ ठेवणारा तेलासारखा पदार्थ झिरपत राहतो आणि शेजारच्या कडक प्लास्टिकवर चिकट वण पाडतो. रबरबँड तर लावूच नये. पिवळी पडलेली बाहुली हायड्रोजन पेरॉक्साइडनं उजळवण्याचे उपाय सर्रास सांगितले जातात, पण जाणकार ते ओळखतात आणि फेरफार म्हणूनच धरतात. कार्डावर दुकानानं चिकटवलेला किमतीचा जुना कागद असेल तर तोही खरवडू नये. निघताना तो खालची छपाई घेऊन येतो, आणि ते कार्ड कोणत्या दुकानात, कोणत्या काळात विकायला होतं हे सांगणारी कदाचित तेवढी एकच गोष्ट त्यावर उरलेली असते.